मदत पोचेपर्यंत: परतवाडा परिसरातील आपत्तीची पूर्वतयारी

आपत्तीची पूर्वतयारी म्हणजे बाहेरची मदत पोचेपर्यंतचा वेळ घरच्या आणि गावच्या बळावर निभावून नेण्याची सोय. हा वेळ किती असतो, हे ठिकाणावर ठरते. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या नागपूर आणि धुळे येथे आहेत. राष्ट्रीय दलाची पाचवी बटालियन महाराष्ट्रात पुण्याजवळ आहे. रस्ते मोकळे असतील, तरीही नागपूरहून परतवाड्याला यायला तीन-साडेतीन तास जातात; पुण्याहून निघालेल्या पथकाचा तर जवळपास दिवस जातो. आणि आपत्तीत रस्ते मोकळे असतीलच, असे नाही. परतवाड्यापुढे घाट चढून सेमाडोह, हरिसाल, धारणीकडे किंवा चिखलदऱ्याच्या पलीकडच्या गावांकडे जायचे, तर एखादी दरड किंवा एका नाल्याचा पूर सगळा हिशेब बिघडवतो. बुडणारा माणूस काही मिनिटांत जातो, विजेचा झटका बसून थांबलेले हृदयही काही मिनिटांतच कायमचे थांबते. म्हणून जीव वाचवण्याचे काम बहुतेक वेळा घरचे आणि शेजारीच करतात. जपानमध्ये १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे शहराला भूकंप झाला. अग्निशमन आणि बचाव यंत्रणेत जगात अग्रेसर असलेल्या त्या देशातही ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्यांपैकी बहुसंख्य लोकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढले होते.

परतवाडा आणि अचलपूर ही अमरावती जिल्ह्यातली जोडगावे सातपुड्याच्या गाविलगड रांगेच्या पायथ्याशी आहेत. उत्तरेला डोंगर उठतो आणि चिखलदऱ्याला सुमारे अकराशे मीटरची उंची गाठतो. दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यातली सपाट काळी जमीन पसरते. डोंगरात कोसळलेला पाऊस सापन, बिच्छन, चंद्रभागा, शहानूर अशा आखूड आणि तीव्र उताराच्या नद्यांतून थोड्या तासांत खाली येतो. पायथ्याशी दगडगोट्यांचा आणि वाळूचा जाड थर असल्याने या नद्यांचे पाणी एरवी जमिनीत मुरते, आणि पात्र वर्षातले बरेच महिने कोरडे दिसते. हेच कोरडेपण फसवते. कोरड्या पात्रालगत घरे येतात, दुकाने येतात, गुरांचे कोठे उभे राहतात, आणि मग एखाद्या रात्री नदी आपली जागा परत मागते. गावावर आभाळ निरभ्र असतानाही नदीला पूर येऊ शकतो, कारण पाऊस वर मेळघाटाच्या डोंगरांत झालेला असतो. परतवाड्यात राहणाऱ्याने स्वतःच्या डोक्यावरच्या ढगांइतकेच उत्तरेच्या डोंगरावरच्या ढगांकडे पाहायला हवे.

पूर किती वेगाने गाव गिळतो, याचे विदर्भातले सर्वांत कठोर उदाहरण मोवाडचे आहे. नागपूर जिल्ह्याच्या नरखेड तालुक्यातले हे गाव वर्धा नदीच्या काठी आहे. नदीच्या पलीकडे अमरावती जिल्ह्यातला वरूड तालुका लागतो. ३० जुलै १९९१ रोजी वर्धेला आलेल्या पुरात मोवाडची २०४ माणसे गेली. नंतर गावाचे पुनर्वसन करावे लागले. त्या काळी मोबाइल नव्हते, हवामानाचा तालुकावार इशारा नव्हता, आपत्ती व्यवस्थापनाचा कायदाही नव्हता. आज हे सगळे आहे. तरीही काठावरच्या प्रत्येक वस्तीपुढे मोवाडने ठेवलेला प्रश्न जुनाच आहे: मध्यरात्री पाणी चढू लागले, तर कोणी कोणाला उठवायचे आणि कोणत्या वाटेने कुठे जायचे? ज्या वस्तीला याचे उत्तर आधी ठाऊक नाही, तिला ते ऐन वेळी सुचत नाही.

इशाऱ्याची यंत्रणा आता बरीच सुधारली आहे. तिचा अर्थ लावता आला पाहिजे. हवामान खाते हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल असे चार रंग वापरते. त्याच्या व्याख्येप्रमाणे चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.५ मिलिमीटर किंवा जास्त पडला तर अत्यंत मुसळधार पाऊस धरतात. महसूल खाते मंडळात ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी मानते. नारिंगी रंग म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे आता कृती करा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ हे अॅप असे इशारे मराठीतही देते. याशिवाय वझ्झरजवळचा सापन प्रकल्प, चंद्रभागा आणि शहानूर या धरणांतून पाणी सोडण्याआधी काठावरच्या गावांना सूचना जाते. इथे शेवटचा टप्पा नेहमी माणसांचा असतो. सूचना तहसीलमधून तलाठ्याकडे, कोतवालाकडे, पोलीस पाटलाकडे येते. तिथून ती नदीकाठच्या शेवटच्या झोपडीत पोचली, तरच ती सूचना. मोबाइलवरचा संदेश झोपलेला माणूस वाचत नाही. मंदिराचा किंवा मशिदीचा भोंगा, दवंडी, शाळेची घंटा यांपैकी पुराची खूण कोणती, हे गावाने आधी ठरवून सर्वांना सांगितलेले असावे, आणि ती खूण सरावाखेरीज दुसऱ्या कशासाठीही वापरू नये.

बांगलादेशाने हा शेवटचा टप्पा किती मोलाचा आहे, ते जगाला दाखवले. १९७० च्या चक्रीवादळात तिथे तीन लाखांहून जास्त माणसे मेली. त्यानंतर गावोगावच्या स्वयंसेवकांची फळी उभी राहिली. झेंडे, भोंगे आणि सायकली एवढ्याच साधनांवर हे लोक घराघरांत जाऊन इशारा देतात आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना निवाऱ्यात नेतात. निवारे बांधले गेले, हवामानाचा अंदाजही सुधारला. २००७ च्या ‘सिद्र’ या भीषण वादळात बळींचा आकडा काही हजारांवर थांबला. देश गरीबच होता, पण दारावर थाप मारणारा माणूस ठरलेला होता.

पुरात जीव जाण्याचे एक कारण विदर्भात पुन्हा पुन्हा दिसते: पाण्याखाली गेलेल्या रपट्यावरून (नाल्यावरच्या ठेंगण्या फरशीवरून) किंवा पुलावरून गाडी घालणे. २८ सप्टेंबर २०२१ रोजी उमरखेडजवळ दहागावच्या नाल्याला पूर असताना पुलावर गेलेली एसटी बस वाहून गेली आणि तिच्यातली माणसे दगावली. बससारखी अवजड गाडी जिथे टिकत नाही, तिथे मोटारसायकलची काय कथा. वाहते पाणी घोट्याच्या वर, साधारण अर्धा फूट असले, तरी धडधाकट माणसाचा पाय उचलते. एक फूट पाण्यात मोटार तरंगू लागते आणि दोन फूट पाणी बहुतेक गाड्या ओढून नेते. शिवाय गढूळ पाण्याखाली रपटा शाबूत आहे की वाहून गेला, हे दिसत नाही. नाल्याचा पूर जसा झटकन चढतो तसा बहुधा काही तासांत उतरतोही. अलीकडच्या काठावर थांबणे हाच उपाय. प्रत्येक रपट्याशेजारी लाल रंगाची खूण केलेला खांब रोवावा आणि पाणी त्या खुणेला लागले की दोन्ही बाजूंनी दोर बांधून वाट बंद करावी. ग्रामपंचायतीला हे काम थोड्या खर्चात जमते. नावेतही असाच धोका असतो: १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरूड तालुक्यातल्या झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून अकरा जण बुडाले. नावेत माणसे बेताची बसवणे आणि प्रत्येकाच्या अंगात तरंगणारे जॅकेट असणे, हा नियम नदी ओलांडणाऱ्या प्रत्येक गावाने स्वतःहून पाळायला हवा. जॅकेट नसेल, तर हवा भरलेली ट्यूब किंवा झाकण घट्ट लावलेले रिकामे प्लास्टिकचे डबे दोराला बांधून जवळ ठेवावेत. बुडणाऱ्याकडे दोर, बांबू किंवा डबा फेकावा. पोहण्याची सवय नसलेल्याने उडी टाकली की दोन जीव जातात.

घरातली तयारी मृग नक्षत्र लागण्याआधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आटोपावी. ती खर्चिक नाही. आधार कार्ड, शिधापत्रिका, सातबारा, बँकेचे पासबुक, विम्याची कागदपत्रे आणि मुलांचे दाखले एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवावेत, आणि त्यांचे फोटो नात्यातल्या दुसऱ्या गावच्या माणसाच्या मोबाइलवर पाठवून द्यावेत. त्याच पिशवीशेजारी दुसरी पिशवी: बॅटरी, शिटी, काडेपेटी, नेहमीच्या गोळ्या निदान आठवडाभराच्या, फुटाणे-गूळ-मुरमुरे असे न शिजवता खाता येईल असे काही, बाळ असेल तर त्याचे दूध आणि दुपटी, सॅनिटरी पॅड, एक-दोन कोरडे कपडे आणि थोडी रोकड. वीज गेली की ऑनलाइन पैसे चालत नाहीत, तेव्हा सुट्या नोटाच उपयोगी पडतात. ही पिशवी माळ्यावर ठेवू नये. दाराजवळ, अंधारात हाताला लागेल अशी टांगावी. घराबाहेर पडताना विजेचा मेन स्विच आणि सिलिंडरची कळ कोणी बंद करायची, आजीला कोणी उचलायचे, आणि ताटातूट झाली तर कोणत्या शाळेत किंवा कोणत्या नातेवाइकाकडे भेटायचे, हे घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक असावे.

गुरांचा विचार शेतकरी घरात शेवटी होतो, आणि नुकसानही तिथेच मोठे होते. बांधलेले जनावर पुरात बुडते आणि कोठ्याला आग लागली तर जागीच भाजते. मोकळे जनावर बहुधा स्वतःचा जीव वाचवते. इशारा मिळाला की दावी सोडणे किंवा कापणे हे पहिल्या कामांपैकी एक आहे. कुटाराचे ढीग आणि कापसाच्या गंज्या घरापासून आणि चुलीपासून दूर, विजेच्या तारांखाली येणार नाहीत अशा ठेवाव्यात. परतवाडा ही लाकडाची जुनी बाजारपेठ आहे. भुसा, साल आणि वाळलेले लाकूड जिथे साठते, तिथे पाण्याची टाकी भरलेली आणि वाळूच्या बादल्या हाताशी असल्याच पाहिजेत.

पाणी ओसरल्यावर, आणि कधी पूर न येताही, दूषित पाण्याची दुसरी आपत्ती सुरू होते, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत दूषित पाण्यामुळे कॉलऱ्याची साथ पसरली. नळयोजनेचा वीजपुरवठा तुटलेला होता. नळ बंद, म्हणून लोकांनी उघड्या विहिरीचे पाणी प्यायले; पावसाने वाहून आलेली घाण तिच्यात उतरलेली होती. शेकडो माणसे आजारी पडली, काहींचा जीव गेला. या घटनेत वादळ नव्हते, पूर नव्हता, दरडही नव्हती. एक पुरवठा बंद पडल्याने दुसरा धोक्याचा झाला, एवढेच झाले, आणि बहुतेक मोठ्या आपत्तींचा आतला धागा असाच असतो. म्हणून पावसाळ्याआधी नळयोजनेची वीज, पंप आणि त्याला पर्यायी हातपंप यांची पाहणी करणे हे पूरनियंत्रणाइतकेच महत्त्वाचे आपत्तीचे काम आहे. घरात पाणी उकळून, किंवा क्लोरीनचे द्रावण सांगितलेल्या प्रमाणात टाकून अर्ध्या तासाने प्यावे. जुलाब लागले, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ते घोट घोट पाजत राहावे आणि दवाखाना गाठावा. जुलाबाचा रोगी मरतो तो बहुधा अंगातले पाणी आटल्यामुळे, आणि ते भरून काढणारे द्रावण कोणत्याही चुलीपाशी तयार होते.

मेळघाटात एक शहाणी पद्धत आधीपासून रुजलेली आहे आणि ती सपाटीवरच्या गावांनीही पाहण्यासारखी आहे. १९९५ मध्ये सुरू झालेल्या नवसंजीवन योजनेत, पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या आदिवासी गावांत चार महिन्यांचे धान्य आधीच पोचवले जाते. माहेरघर योजनेत दुर्गम पाड्यांवरच्या गरोदर बाईला बाळंतपणाच्या काही दिवस आधी प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ राहायला आणतात. रस्ता बंद होणार हे गृहीत धरूनच आखणी करायची, हे या दोन्ही योजनांचे तत्त्व आहे. वऱ्हाडातल्या शेतकरी घरांतही पूर्वी ज्वारी जमिनीखालच्या पेवात साठवत. दुष्काळाच्या वर्षी पेव उघडले की घर तगत असे. पेव उघडताना मात्र आत साचलेल्या विषारी वायूने माणसे गुदमरल्याचे प्रसंग होत. जुन्या पेवात आणि न वापरलेल्या विहिरीत तो धोका आजही आहे. आत माणूस बेशुद्ध पडला, म्हणून दुसऱ्याने तसेच उतरू नये. आधी हवा खेळती करावी, दोर कमरेला बांधावा आणि वर माणसे उभी ठेवावीत.

वीज पडणे ही आपत्ती एकेका माणसाला गाठते, त्यामुळे तिची बातमी लहान होते. विदर्भाच्या शेतात मात्र ती दर वर्षी माणसे नेते. वऱ्हाडात तिला ‘ईज’ म्हणतात. जूनमध्ये पेरणीच्या वेळी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सोयाबीन काढताना, म्हणजे वावरात सर्वांत जास्त माणसे असतात तेव्हाच, ती दुपारनंतर कडाडते. चमक आणि गडगडाट यांत तीन सेकंदांचे अंतर म्हणजे वीज साधारण एक किलोमीटरवर. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, की काम टाकून पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अॅप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देते. झाडाखाली थांबणे ही सर्वांत जीवघेणी सवय आहे: वीज झाडावर पडते, तिथून जमिनीत पसरते, आणि दोन पावलांतल्या विद्युत्दाबाच्या फरकाने शरीरातून प्रवाह वाहतो. बैल, म्हशी यांचे पुढचे-मागचे पाय एकमेकांपासून लांब असल्याने ही जनावरे जास्त मरतात. आसरा नसेल तर पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे पडू नये. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही, त्याला हात लावायला घाबरू नये. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, दोन इंच खोल दाब देत राहावे. वीज, पूर किंवा अतिवृष्टीने मृत्यू झाल्यास कुटुंबाला चार लाख रुपयांची मदत मिळते. तिच्यासाठी शवविच्छेदन आणि पंचनामा लागतो. दुःखात हे राहून जाते, म्हणून शेजाऱ्यांनी तलाठ्याला त्याच दिवशी कळवावे.

पावसाळ्यात साप घरात येतात. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावा कित्येकदा जाणवतही नाही; बाजेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपणे हा त्यावरचा सोपा आणि खरा उपाय. सर्पदंश झाला तर पाय आवळून बांधू नये, जखम चिरू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. दंश झालेला अवयव हलू न देता १०८ ची रुग्णवाहिका बोलावून सरकारी रुग्णालयात न्यावे. प्रतिविष तिथे मिळते.

उन्हाळ्याची आपत्ती गाजावाजा न करता येते. अकोला आणि अमरावती अनेकदा देशातल्या सर्वांत तप्त जिल्ह्यांत असतात. मे २०२४ मध्ये अकोल्यात उष्णतेमुळे जमावबंदीचे आदेश लागू करून शिकवणी वर्गांच्या वेळाही बदलाव्या लागल्या. उष्माघातात अंग चाळीस अंशांच्या वर तापते, माणूस बरळतो, शुद्ध हरपते. त्याला सावलीत नेऊन कपडे सैल करून सर्वांगावर पाणी ओतत, वारा घालत राहावे. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये. या भागात उन्हाळ्याचा आणखी एक बळी असतो तो कूलरचा. लोखंडी कूलरमध्ये वीज उतरते आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभी असलेली बाई पाणी भरता भरता जाते. प्लग काढल्याशिवाय पाणी भरू नये, अर्थिंग तपासून घ्यावे आणि घराच्या मेन बोर्डवर गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच बसवावा. कूलरच्या किमतीच्या मानाने तो महाग नाही.

भूकंपाचा विचार परतवाड्यात सहसा होत नसे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी दुपारी अमरावती जिल्ह्यात ४.२ तीव्रतेचा धक्का बसला आणि चिखलदरा, काटकुंभ, चुरणी ते अचलपूर-परतवाड्यापर्यंत जमीन हादरली. योगायोगाने किल्लारीच्या भूकंपाचा तोच दिवस होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात सुमारे दहा हजार माणसे मेली, ती बहुतांशी जाड दगड-मातीच्या भिंती आणि वरचे जड धाबे अंगावर कोसळून. अचलपूरच्या जुन्या वाड्यांत आणि खेड्यांत अशा भिंती अजून आहेत. पाऊस मुरून फुगलेली, बाहेर झुकलेली भिंत आधी उतरवावी, कोपऱ्यांना आणि दारांवरून सर्व भिंतींना बांधणारा लाकडी किंवा काँक्रीटचा पट्टा द्यावा, आणि जड कपाटे झोपण्याच्या जागेपासून हलवावीत.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण आहे, तालुक्याला तहसीलदार आहेत, आणि ‘आपदा मित्र’ योजनेत स्वयंसेवकांना बारा दिवसांचे प्रशिक्षण मिळते. गल्लीच्या पातळीवर मात्र यादी गल्लीनेच करायची आहे: कोण अंथरुणाला खिळलेले, कोण गरोदर, कोणाला ऐकू येत नाही, कोणाकडे ट्रॅक्टर, लांब दोर, जनित्र, पोहण्याचे कसब. गणेश मंडळे, महिला बचत गट आणि शाळा एकत्र आल्या, तर ही यादी दोन संध्याकाळींत होते. वर्षातून एकदा, मृगाच्या आधीच्या रविवारी, खूण वाजवून सर्वांनी ठरल्या वाटेने शाळेपर्यंत चालून पाहावे. वाटेत कुठे अंधार आहे, कुठे गटार उघडे आहे, कोणती आजी मागे पडते, हे कागदावर कळत नाही.

जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, सर्व तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिका १०८, अग्निशमन १०१, गॅसगळती १९०६: हे आकडे मोबाइलमध्ये साठवून पुरत नाही, कारण मोबाइल बंद पडतो आणि घरात एकटे असलेले मूल तो उघडू शकत नाही. ते आजच दाराच्या आतल्या बाजूला, मुलाच्या नजरेच्या उंचीवर, ठळक अक्षरांत लिहावेत.